तात्यांच्या रक्तात काहीतरी धुमसतंय: औषध आत्ताच की वाट बघायची?

उद्यमनगरकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वडील (आम्ही तात्या म्हणतो) ६४ वर्षांचे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्रीत ३५ वर्षं मोल्डिंग केलं, आता घरी. गुडघा बदलायचा म्हणून ऑपरेशनआधीच्या तपासण्या केल्या. टोटल प्रोटीन ९.१ आलं, त्यात ग्लोब्युलिन ५.२. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा ठेवला बाजूला आणि रक्ताच्या डॉक्टरांकडं धाडलं. मग एकातनं एक तपासण्या निघत गेल्या. एम बँड २.४, लाइट चेनचं गुणोत्तर ३१, कमरेच्या हाडातला मगज काढून बघितला तर प्लाझ्मा पेशी २४ टक्के. हिमोग्लोबिन १३, क्रिएटिनिन ०.९, कॅल्शियम व्यवस्थित, एक्सरेत हाडं साफ.

निदान: स्मोल्डरिंग मल्टिपल मायलोमा. मायलोमा म्हणजे रक्ताचा कॅन्सर; हे अजून कॅन्सर नाही, पण कॅन्सरच्या उंबऱ्यावर.

आता पंचाईत अशी की इथले डॉक्टर म्हणतात दर तीन महिन्यांनी रक्त तपासा, औषध नको. पुण्यातले म्हणतात थांबू नका, उंबऱ्यावरच अडवा, लेनालिडोमाइडच्या गोळ्या सुरू करा, खर्च झेपत असेल तर डाराटुमुमॅबच्या इंजेक्शनचा विचार करा. दोघंही मोठे डॉक्टर, दोघांचंही बोलणं पटतं, आणि तीच अडचण आहे. माणूस ठणठणीत आहे हो. रोज पहाटे रंकाळ्याला चक्कर मारून येतो, गुडघा दुखतोय म्हणत. अशा माणसाला औषध द्यायचं?

कुणाच्या घरी हा अनुभव आहे का?

रंकाळाकाठ
भावा, पहिल्यांदा एवढंच सांगतो, घाबरू नको. दुसरं, मला यातलं काय कळत नाही. जाणकार येऊ देत, तवर धागा वर ठेवतो.

लॅबवाली
पॅथॉलॉजिस्ट आहे, उपचार करणारी नव्हे. त्यामुळं माझं बोलणं रिपोर्टापुरतं.

प्लाझ्मा पेशींचं काम संसर्गाविरुद्ध अँटिबॉडी बनवायचं. त्यातली एकच पेशी सुटते, आपल्यासारख्याच पेशी काढत राहते आणि सगळ्या मिळून एकच बिनकामाची अँटिबॉडी बनवतात. इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे रक्तातली प्रोटीनं वेगळी करायची तपासणी, तिच्या आलेखावर ती टोकदार सुळक्यासारखी दिसते. तोच एम बँड. लाइट चेन म्हणजे अँटिबॉडीचे सुटे तुकडे, ते दोन जातींचे; त्यांचं एकमेकांशी प्रमाण म्हणजे ते गुणोत्तर. अगदी थोडं असेल तर त्याला एमगस म्हणतात. पन्नाशीपुढच्या शंभरातल्या साधारण तिघांत ते सापडतं आणि वर्षाला एखाद टक्का लोकांचंच पुढं सरकतं. एम बँड ३ च्या वर किंवा मगजात प्लाझ्मा पेशी १० ते ६० टक्के, पण हाडं, मूत्रपिंड, रक्त, कॅल्शियम शाबूत, की ते स्मोल्डरिंग. यात पहिली पाच वर्षं सरासरी दरसाल १० टक्के लोक मायलोमात जातात, पुढची पाच वर्षं दरसाल ३ टक्के, त्यानंतर १ टक्का. म्हणजे जितका काळ टिकलात तितका धोका उतरतो.

पण ही झाली सरासरी. मेयो क्लिनिकनं २०१८ मध्ये २०-२-२० अशी चाळणी सुचवली: प्लाझ्मा पेशी २० टक्क्यांच्या वर, एम बँड २ च्या वर, लाइट चेनचं गुणोत्तर २० च्या वर. तिन्हींपैकी दोन लागू झाले तरी धोका जास्त, दोन वर्षांत निम्म्याच्या आसपास लोक पुढं जातात. तुमच्या तात्यांचे तिन्ही लागू आहेत. सांगायला जड जातंय, पण विचारलंत म्हणून.

आणि हाडं साफ हे कशावरून? नुसत्या एक्सरेवरून म्हणू नका. हाड बरंच झिजल्याशिवाय एक्सरेत दिसत नाही. पूर्ण शरीराचं एमआरआय किंवा पेट सीटी झालंय का?

उद्यमनगरकर
नाही झालं. कुणी सांगितलंच नाही. तिन्ही लागू हे पण आत्ताच कळतंय.

तालमीतला म्हातारा
वय ७१. मला हेच निदान २०१६ साली झालं. तेव्हा मुलगा रडायला लागला, बायकोनं अंबाबाईला साडी बोलली. मी एक गोळी खाल्लेली नाही. दर चार महिन्यांनी रक्त देतो, कागद फायलीत लावतो आणि दूध कट्ट्यावर जातो. अजून आहे, आणि माझा हात धरून उठवायला कुणी लागत नाही. डॉक्टर लोकांना औषध दिल्याशिवाय चैन पडत नाही. तुमच्या इथल्या डॉक्टरांचं ऐका.

रंकाळाकाठ
काका, दूध कट्टा आणि मायलोमा याचा संबंध सिद्ध झाला तर कोल्हापूरला नोबेल.

लॅबवाली
काका, तुमचे आकडे काय होते?

तालमीतला म्हातारा
थांबा, फाईल काढतो. पेशी १२ टक्के. बँड १.६. तिसरं काय ते लिहिलेलं नाही.

लॅबवाली
म्हणजे तुम्ही आणि तात्या एकाच नावाच्या दोन वेगळ्या गावांत राहता. तुम्हाला औषध न देणं बरोबरच होतं, आणि आजही तुमच्यासारख्यांना सहसा कुणी देत नाही. पण त्यावरून तात्यांचं ठरवता येणार नाही.

गुऱ्हाळवाला
स्मोल्डरिंग म्हणजे धुमसणं ना? मग आमच्या भाषेत सांगतो. सध्या सीझन चालू आहे, रात्रभर चुलवाणासमोर बसतोय. ओलं चिपाड घातलं की धूर होतो, ज्वाळ धरत नाही. जाळ घालणाऱ्या जळव्याला कळतं हे नुसतं धुमसून विझणार की घटकाभरात भडकणार. त्याच्यावर तो हात आखडता घेतो नाहीतर ढकलतो. लांबून बघणाऱ्याला दोन्हीकडं धूरच दिसतो.

अवांतर: आमच्या आईला तो एमगस निघालाय. डॉक्टर म्हणाले वर्षातनं एकदा तपासा. तिनं पुढचं ऐकलंच नाही, "मी काय मरत नाही एवढ्यात" म्हणाली आणि घरी आल्या आल्या चपात्या लाटायला बसली.

आकडेमोड
उपमा छान, पण जळव्याला चाळीस वर्षांचा सराव असतो. इथं सराव म्हणजे चाचण्या. तीन महत्त्वाच्या आहेत.

२०१३ साली स्पेन-पोर्तुगालच्या गटानं ११९ रुग्णांवर लेनालिडोमाइड आणि डेक्सामेथासोन वापरलं. तीन वर्षांनी जिवंत असलेले ९४ टक्के, नुसत्या देखरेखीवर ८० टक्के. फरक मोठा. पण हाडं बघितली एक्सरेवर. वर लॅबवाली म्हणतात तसं, त्यातले काही जण आधीच मायलोमात गेलेले असू शकतात. मग ते धुमसणं नव्हे, आग होती आणि आगीवर पाणी मारलं. त्यात नवल काय?

नंतर अमेरिकेत १८२ जणांवर नुसतं लेनालिडोमाइड. तीन वर्षांनी आजार न वाढलेले ९१ टक्के विरुद्ध ६६ टक्के. पण जवळपास निम्म्या लोकांनी औषध मधेच सोडलं.

तिसरी अक्विला, डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ३९० रुग्ण, डाराटुमुमॅबचं इंजेक्शन जास्तीत जास्त तीन वर्षं. पाच वर्षांनी आजार न वाढता जिवंत असलेले ६३.१ टक्के, देखरेखीवर ४०.८ टक्के. जिवंत असलेले ९३ टक्के विरुद्ध ८६.९ टक्के. त्याच्या जोरावर २०२५ मध्ये आधी युरोपात आणि मग अमेरिकेत, जास्त धोक्याच्या स्मोल्डरिंगसाठी मान्यता मिळाली.

आता हे उलट्या बाजूनं वाचा. शंभरातले ४१ जण काहीही न घेता पाच वर्षं तसेच राहिले. ३७ जण घेऊनही थांबले नाहीत. औषधाचा उपयोग झाला तो मधल्या २२ जणांना. तात्या कुठल्या घोळक्यात, हे आज सांगता येत नाही. शिवाय अक्विलाची 'जास्त धोका' ठरवायची फूटपट्टी वेगळी होती. त्यात घेतलेल्या बऱ्याच जणांना २०-२-२० ची चाळणी लावली तर ते जास्त धोक्याचे ठरत नाहीत.

पुणेरी कोल्हापूरकर
आकडेमोड, मी त्या २२ मधला आहे की ४१ मधला, मलाही ठाऊक नाही. १४ महिने लेनालिडोमाइड घेतोय, म्हणून लिहितो.

जन्म राजारामपुरीतला, नोकरी पुण्यात, वय ५२. तिन्हीतले दोन लागू होते. २१ दिवस गोळी, ७ दिवस सुट्टी. पहिल्या महिन्यात अंगभर पुरळ उठलं, मग डोस कमी केला. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. पोटाचं तंत्र बिघडलं ते बिघडलंच. तांबडा-पांढरा बंद नाही, पण वाटीवरनं चमच्यावर आलोय. रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून रोज ॲस्पिरिन. गोळ्या वेगळ्या डब्यात, कारण हे थॅलिडोमाइडच्या घराण्यातलं औषध. गर्भाला घातक. माझ्या सुनेला दिवस गेलेले असताना बायकोनं त्या डब्याला कुलूप घातलं होतं.

एक बरं आहे की हे औषध भारतातल्या कंपन्याही बनवतात, त्यामुळं परदेशातल्या किमतीच्या मानानं फारच स्वस्त पडतं. डाराटुमुमॅबचं तसं नाही, तिथं हिशेब लाखांत जातो. सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी शून्य झाला, तरीही. आणि मेडिक्लेमवाल्यांनी माझा पहिला क्लेम "हा कॅन्सर नाही" म्हणून परत पाठवला. कॅन्सर होऊ नये म्हणूनच तर घेतोय की!

डॉक्टरांना एक जरूर विचारा: पुढं कधी बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायची वेळ आली तर? हे औषध बराच काळ घेतल्यावर स्टेम सेल गोळा करणं अवघड जाऊ शकतं. मला हा प्रश्न सुरुवातीला सुचलाच नव्हता.

आता कोणी म्हणेल, एवढा त्रास कशाला? माझ्या मोठ्या भावाला मायलोमा उशिरा कळला. मणका खचल्यावर. मी ते बघितलंय. बस.

आयर्लंडची नर्स
मूळची गडहिंग्लजची. वॉर्डात डाराटुमुमॅब देतो मी. पोटाच्या कातडीखाली, तीन ते पाच मिनिटं हळूहळू. पहिले आठ आठवडे दर आठवड्याला, मग चार महिने पंधरवड्यानं, मग चार आठवड्यांनी एकदा. पहिल्या वेळी थंडी, खोकला, घसा धरणं होऊ शकतं, म्हणून थांबवून ठेवतो.

एक गोष्ट फार लोक विसरतात. इंजेक्शन सुरू करायच्या आधी रक्तगट आणि अँटिबॉडी स्क्रीन करून घ्यायचं. हे औषध तांबड्या पेशींना पण चिकटतं, त्यामुळं नंतर रक्त लागलं तर ब्लड बँकेत क्रॉसमॅच जुळता जुळत नाही. त्याचं कार्ड पाकिटात ठेवायचं. कावीळ बी ची तपासणी पण आधी. न्यूमोनियाची आणि नागिणीची लस विचारून घ्या.

रंकाळाकाठ
'देतो मी' वाचून बरं वाटलं ताई. आयर्लंडात राहून पण बायका 'जातो-येतो'च म्हणत्यात म्हणजे कोल्हापूर शाबूत आहे.

आयर्लंडची नर्स
मग काय! इथं मिसळ तेवढी मिळत नाही.

रंकाळाकाठ
मिसळीचा कट घरी करायचा असेल तर सांगतो. खोबरं भाजून, कांदा तळून, आणि शेवटी मूठभर कोथिंबीर वाटून...

तालमीतला म्हातारा
कोथिंबीर वाटून कटात? हा कुठला कोल्हापूरकर? सांगलीकडं चौकशी करा याची.

(यावर नऊ प्रतिसाद झाले. ते मिसळीच्या धाग्यावर हलवले आहेत. - संपादक)

निसर्गस्पर्श
एवढी विषारी औषधं कशाला? रोज गुळवेलीचा काढा आणि गोमूत्र अर्क. प्रतिकारशक्ती वाढली की पेशी आपोआप ताळ्यावर येतात. आमच्या ओळखीत एकाचा बँड गेला.

लॅबवाली
कुठल्या लॅबचे दोन रिपोर्ट, किती महिन्यांच्या अंतरानं, ते टाका. आणि २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयानं ती अमान्य केली हेही खरं. पण ज्याची प्रतिकारशक्तीचीच पेशी बिघडलीय त्यानं "प्रतिकारशक्ती वाढवणारं" काहीही स्वतःच्या मनानं घेऊ नये, एवढं तर मान्य कराल?

उद्यमनगरकर, मघाशी राहून गेलं. तात्या गुडघ्यासाठी काय घेतात?

उद्यमनगरकर
दुखलं की डायक्लोची गोळी. गल्लीतल्या मेडिकलमधनं आणतात. कधी कधी डॉक्टरांकडनं इंजेक्शन.

लॅबवाली
बंद करा. आजच. लाइट चेन मूत्रपिंडातनं गाळून जातात, तिथं आधीच ताण आहे. त्यावर डायक्लो, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या म्हणजे दुखणं बोलावून आणणं. काय घ्यायचं ते डॉक्टर सांगतील. पाणी भरपूर. औषध सुरू करायचं की नाही यावर दोन डॉक्टर भांडू देत, पण यावर दोघांचंही एकच मत असेल. कुठलाही डॉक्टर सीटी किंवा औषध लिहून देत असेल तर त्याला हे निदान आधी सांगायचं.

सासुरवाशीण कागल
मी सगळं वाचतो आहे पहिल्यापासून. एक विचारू? तात्या स्वतः काय म्हणतात? तुम्ही डॉक्टरांचं लिहिलंय, स्वतःचं लिहिलंय. त्यांचं एक वाक्य नाही.

उद्यमनगरकर
त्यांना सांगितलेलं नाही.

त्यांना एवढंच माहीत आहे की रक्तात प्रोटीन वाढलंय आणि ते उतरलं की गुडघ्याचं ऑपरेशन होणार. मगज काढला तेव्हा आईला शेजारच्या वहिनी म्हणाल्या, पाठीतनं पाणी काढलं की माणूस लंगडा होतो. त्यावरनं आई दोन दिवस जेवली नाही. आता कॅन्सर शब्द घरात काढायची माझी हिंमत नाही. दोघांचंही वय झालंय.

तालमीतला म्हातारा
६४ म्हणजे वय झालंय? माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहे तो.

गुऱ्हाळवाला
भावा, रागावू नको. बापाच्या अंगावर बापाला सोडून गावाचं मतदान चाललंय होय इथं?

पुणेरी कोल्हापूरकर
सहमत. आणि भावनेचं सोडा, व्यवहाराचं सांगतो. माहीत नसलेल्या माणसाला २१ दिवस गोळी, ७ दिवस बंद, ताप आला तर लगेच फोन, पोटरी सुजली तर लगेच फोन, हे पाळायला कसं सांगणार? आणि औषध नाही दिलं तरी तेच. पाठ दुखायला लागली, लघवीला फेस यायला लागला, दम लागायला लागला, तर पहिल्यांदा कळणार त्यांनाच. त्यांना कशावर लक्ष ठेवायचं तेच ठाऊक नाही.

आकडेमोड
मी वर २२, ४१, ३७ असं लिहिलं. त्यातल्या कुठल्या धोक्याला भ्यायचं हे आकड्यातनं निघत नाही. एखादा म्हणेल तीन वर्षं दवाखान्याच्या चकरा नकोत, जे होईल ते होईल. दुसरा म्हणेल मणका खचण्यापेक्षा पुरळ बरं. दोघंही बरोबर. पण ते म्हणायचा हक्क ज्याच्या रक्तात आहे त्याचा. मी एवढे परिच्छेद लिहून झाल्यावर मला हे सुचावं याची लाज वाटते.

निसर्गस्पर्श
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

रंकाळाकाठ
तीन आठवडे झाले. उद्यमनगरकर, आहेस का? खुशाली कळव.

उद्यमनगरकर
आहे. उशिराबद्दल माफ करा, धावपळ चालली होती.

तुमची बोलणी खाऊन दोन दिवस इथं आलोच नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे तात्यांबरोबर रंकाळ्याला गेलो. संध्यामठाच्या बाजूला बसलो. कसं सुरू करावं कळेना, म्हणून धुमसण्याचं, चुलवाणाचं गुऱ्हाळवाल्यांचं उदाहरण द्यायला लागलो. तात्यांनी मधेच तोडलं. म्हणाले, "मला फौंड्रीतल्या माणसाला तू धूर शिकवतोस व्हय? रिपोर्ट मीच आणलेला लॅबमधनं. इंग्रजी येत नसंल, पण लाल अक्षरात काय छापलंय ते दिसतंय की. तू आन् तुझी आई कवा सांगताय ह्याचीच वाट बघत हुतो."

म्हणजे आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते आमच्यापासून. दोन महिने.

मग सगळं सांगितलं. २०-२-२० पण सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, गोळी घेतली तर चालायला येता येईल का. मी म्हटलं, बहुतेक. ते म्हणाले, बहुतेक म्हणजे काय ते डॉक्टरकडनं विचारून ये, मीच येतो.

आले. पुण्याला पण आले, इथल्या डॉक्टरांकडं पण. पूर्ण शरीराचं एमआरआय झालं. कमरेच्या हाडात एक ठिपका निघाला. एकापेक्षा जास्त निघाले असते तर सरळ मायलोमा धरून उपचार सुरू झाले असते. एकच असल्यामुळं अजून उंबऱ्याच्या बाहेर धरायचं आणि तीन महिन्यांनी परत एमआरआय. लॅबवाली ताई, तुम्ही विचारलं नसतं तर आम्ही एक्सरेवरच बसलो असतो.

गंमत म्हणजे फिल्म बघितल्यावर दोन्ही डॉक्टर जवळ आले. पुण्यातले म्हणाले, तीन महिने थांबायला हरकत नाही, पण तो ठिपका वाढला किंवा दुसरा आला तर नुसती लेनालिडोमाइड पुरणार नाही. इथले म्हणाले, नाही वाढला तरी तिन्ही आकडे बघता सुरू करण्याचा विचार मी पण करेन. तात्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाले, जोतिबाची चैत्र यात्रा होऊ दे, गुलाल घेऊन आलो की मशीनमध्ये झोपतो, मग बघू. त्यांचा कल औषध घेण्याकडं आहे असं मला वाटतंय. पण मला वाटण्याला आता घरात किंमत नाही.

डायक्लो बंद. न्यूमोनियाची लस झाली. आई जेवते.

लॅबवाली
रक्त दर वेळी शक्यतो एकाच लॅबमधून करा. वेगवेगळ्या लॅबचे आकडे वर-खाली दिसतात आणि उगाच जीव टांगणीला लागतो.

तालमीतला म्हातारा
तात्यांना दूध कट्ट्यावर पाठव. मी रात्री नऊनंतर असतो. निळी टोपी. मी पण लाइट चेनची तपासणी करायला टाकलीय. नऊ वर्षं ती केलीच नव्हती.

सासुरवाशीण कागल
काका, रिपोर्ट आला की इथं सांगा.

उद्यमनगरकर
सांगतो तात्यांना. काल रात्री त्यांना हा धागा पहिल्यापासून वाचून दाखवला. आकडेमोड यांचं दोनदा वाचायला लावलं. शेवटी चष्मा काढून विचारतात, "तो रंकाळाकाठ कोण हाय रं? त्याला सांग, कटात कोथिंबीर वाटून घालत न्हाईत."